गाईची मान पोचते तिथवर

बस्त्याव,

तुझ्या मयताला मी आलो होतो. इगर्जीच्या आत मात्र आलो नाही. पाद्रींची प्रार्थना बाहेर व्हरांड्यात उभं राहून ऐकली. नंतर सगळे कबरीत मातीची मूठ टाकायला रांगेने पुढे झाले, तेव्हा मी फाटकापाशीच थांबलो. पाऊस होता, छत्र्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नसावं. मारयानने पाहिलं. तुझ्या बायकोने मला हाक मारली नाही आणि तोंडही फिरवलं नाही. नुसतं पाहिलं. माझ्या मुठीत माती होती. ती घेऊन मी घरी आलो आणि अंगणातल्या तुळशीत टाकली.

आपल्या ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात तुझ्याविषयी एक वाक्य आहे. ‘राखणदार बस्त्याव यांच्या गुरांमुळे सड्यावरील दुर्मीळ फुलांची नासधूस होत असून सड्यावर गुरे नेण्यास कायमची बंदी करण्यात येत आहे.’ खाली सूचक, अनुमोदक आणि सह्या. त्यातला शब्दन् शब्द माझ्या टिपणातून उचललेला आहे. ते वाक्य खोटं आहे. लिहिलं तेव्हाच ते खोटं असल्याचं मला ठाऊक होतं. ‘ठाऊक असायला हवं होतं’ असं लिहिलं तर जरा बरं दिसेल, पण मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि बरं दिसण्यात माझी बरीच वर्षं गेली.

आपण चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. मग तुझ्या वडिलांचा पाय अधू झाला आणि वाडीची गुरं राखायचं काम तुझ्याकडे आलं. मी शिकत राहिलो, हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो, तिथूनच निवृत्त झालो. माझ्यावर खूश असलास की तू मला वश्या म्हणायचास, रागावलास की मास्तर. गेल्या सात वर्षांत वश्या ही हाक मी एकदाही ऐकली नाही.

सकाळी वाडीच्या तोंडावर तुझी आरोळी यायची आणि घराघरांतून गुरं आपल्या पायांनी निघायची. माणसं मुलांना शाळेत ढकलत असायची, गुरांना कुणी ढकलावं लागत नसे. चाळीसच्या आसपास जनावरं घेऊन तू चढण चढायचास. वर आपला सडा. मैलभर पसरलेला जांभ्याचा कातळ, त्यावर वीतभरही माती नाही. वैशाखात अनवाणी पाय ठेवशील तर फोड येईल. आणि त्याच कातळावर श्रावण-भाद्रपदात जे काही उगवतं, ते मी चाळीस वर्षं पाहिलं, मुलांना दाखवलं, वर्तमानपत्रांत त्यावर लिहिलं, तरी आजही तिथे उभं राहिलो की माझं वाक्य अर्ध्यावर तुटतं.

पहिल्यांदा मला ते तूच दाखवलंस. मी नुकता नोकरीला लागलो होतो आणि वनस्पतींची लॅटिन नावं मला भरपूर पाठ होती. तू मला ओल्या कातळावर पोटावर झोपायला लावलंस. इस्त्रीची पँट होती माझी. मी कुरकुर केली, तू म्हणालास, उभ्याने दिसत नाही. झोपलो. डोळ्यांसमोर गाईच्या खुराचा ठसा होता, त्यात बोटभर पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात दहा-बारा निळी-जांभळी फुलं, तांदळाच्या दाण्याएवढी, बारीक देठांवर डोलत होती. सीतेची आसवं. पुढच्या ठशात तशीच. त्याच्या पुढच्या ठशातही. नजर पोचेल तिथवर गुरांची पावलं फुलांनी भरलेली होती. एखादं जनावर निळ्या रंगात पाय बुडवून चालत गेलं असावं, तशी. ठशांच्या मधल्या जागेत पांढरे गेंद, कवळ्याची पिवळी फुलं, आणि पानांवर चिकट थेंब घेऊन किड्यांची वाट बघणारी ती लाल दवबिंदूची झाडं. मी बराच वेळ उठलो नाही. तुला वाटलं, मला चक्कर आली.

तुझं म्हणणं होतं की गुराचा खूर सडा पेरतो. चिखलात रुतलेलं बी खुरासोबत पुढे जातं आणि खड्ड्यात पडून राहतं, पाणी तिथेच टिकतं, म्हणून फूल तिथेच येतं. माझं म्हणणं होतं, सिद्ध कर. तू म्हणायचास, सिद्ध तू कर, पगार तुला मिळतो. हा वाद आपण चाळीस वर्षं घातला आणि तो तसाच राहिला.

राखण म्हणजे गुरं सोडून सावलीत पडून राहणं, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. मग निवृत्त झाल्यावर रोज वर यायला लागलो, तेव्हा दिसलं. सड्याचे तू मनातल्या मनात तुकडे पाडले होतेस. आज एका तुकड्यात खूर पडले की पुढचे आठ-दहा दिवस तिथे जनावर फिरकू द्यायचा नाहीस. आषाढात गुरं उंच वाढणाऱ्या कोवळ्या गवताच्याच मागे लागतात. बोटभर उंचीच्या फुलझाडांत तोंड घालण्यासारखं त्यांना काही नसतं. ते गवत खाल्लं गेलं की खालच्या लहानग्यांना ऊन मिळतं. गणपती जवळ आले की मधला पाणथळ भाग तू सोडून द्यायचास आणि कळप उताराकडे वळवायचास. दसरा झाला, बी जमिनीवर पडलं, की परत मध्ये. दिवाळीनंतर वाळलेल्या गवताची करड गुरंच संपवायची, म्हणून फाल्गुनात वणव्याला जाळायला काही उरत नसे. हे तुला कुणी शिकवलं होतं? तुझ्या वडिलांनी, त्यांना त्यांच्या वडिलांनी. तुमच्यापैकी कुणी ‘संवर्धन’ हा शब्द उच्चारला नाही. मी तो शब्द फळ्यावर लिहायचो.

मी काय केलं, ते आता सांगतो.

निवृत्तीनंतर मी सड्यावर दोन चौकटी आखल्या होत्या, दोरी आणि चार खुंट्यांच्या. एक उघड्या सड्यावर, तुझी गुरं चरतात तिथे. दुसरी एका पडीक बागेत, जिथे नव्या दगडी गडग्यामुळे जनावर शिरत नव्हतं. दर पावसाळ्यात दोन्हींतली झाडं मोजायची आणि वहीत लिहायची. आठ वर्षं मोजली. उघड्या चौकटीत दर वर्षी तीसएक जातींची झाडं. गडग्याआडच्या चौकटीत पहिल्या वर्षी जवळजवळ तितकीच, मग कमी, मग आणखी कमी, आणि शेवटी कमरेएवढं गवत आणि त्याच्या बुडाशी कुजलेल्या काड्यांचा थर. माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत. पण मी तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं होतं की गुरांच्या चराईमुळे गवताळ प्रदेशाचा ऱ्हास होतो. दोन गुणांचं उत्तर होतं ते. माझी वही काहीतरी वेगळं सांगत होती, तेव्हा मला वाटलं, चौकटच चुकीच्या जागी पडली असेल. पुस्तक चुकलं असेल असं मनात आलंच नाही. शिक्षकाची जात. अति चराई आणि तुझी राखण, यांच्यात माणूस उभा असतो, हा फरक त्या दोन गुणांत बसत नव्हता.

आणि तेवढंच असतं तर मी स्वतःला माफही केलं असतं. पण ठरावाच्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट तुला आठवत असेल. शहरातून फुलं बघायला मंडळी आली होती, निसर्गप्रेमी, मोठमोठे कॅमेरे घेऊन. मी त्यांना दिपकाडी दाखवत होतो. जगात दुसरीकडे कुठे नाही, फक्त आपल्या कोकणातल्या कातळांवर, असं सांगून मी जरा थांबलो, माणसांनी श्वास रोखावा म्हणून. सगळे गुडघ्यांवर. तेवढ्यात तुझी एक पाडी शांतपणे मध्ये आली आणि ते पांढरंशुभ्र फूल देठासकट खाऊन पुढे गेली. मी तुझ्यावर ओरडलो. पाहुण्यांसमोर, तोंडाला येईल ते. तू काठी टेकून ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “मास्तर, फूल गायन खाल्ल्यान, पण कांदो जमनीत आसा. फुडल्या वर्सा परत येतलो. तो काय तुज्यासारखो रिटायर होवचो नाय.”

मंडळी हसली. एक बाई तर इतकी हसली की कॅमेरा खाली ठेवावा लागला तिला.

त्याच आठवड्यात त्या मंडळींनी मला एक टिपण मागितलं, फुलांना धोका कशाचा यावर. ते ग्रामसभेत ठेवायचं होतं. त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली होती आणि फुलं खरोखरच कमी होती. मी टेबलाशी बसलो, समोर आठ वर्षांची वही होती. ती मी उघडली, शेवटचं पान वाचलं आणि मिटली. ड्रॉवरमध्ये ठेवली. मग टिपण लिहिलं, त्यात तुझं नाव घातलं. नाव घालायची गरज नव्हती, बस्त्याव. ‘स्थानिक गुरे’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तुझं नाव लिहिलं आणि मला बरं वाटलं. ही कबुली मी आजवर बायकोलाही दिलेली नाही.

ठराव झाला. तारेचं कुंपण आलं, लोखंडी फाटक आलं, फाटकाला कुलूप. किल्ली माझ्याकडे. चाळीस गुरांना वर्षभरात पाय फुटले. ज्यांच्या घरामागे जागा नव्हती त्यांनी गुरं विकली, काहींनी घाटावरच्या नातेवाइकांकडे पाठवली. तुझ्याकडे स्वतःच्या तीन गाई राहिल्या आणि कुंपणाच्या बाहेरून जाणारी पायवाट.

त्या हिवाळ्यात गवळदेव आला. गुरं असलेल्या घरांनी रानात जमायचं, तीन दगडांच्या चुली मांडायच्या आणि तिथेच जेवायचं, हा आपल्याकडचा रिवाज. आमच्या गोठ्यात वडील गेल्यापासून जनावर नव्हतं, पण जुनं घर म्हणून बोलावणं असायचं. आपल्या वाडीत पहिलं पान राखणदाराचं. ख्रिस्ती माणसाचं पान आधी कसं, असं एका पाहुण्याने एकदा विचारलं होतं, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला सांगितलं की गुरं ज्याच्या मागून चालतात त्याचं पान कुठे मांडायचं हे गुरांनीच ठरवलेलं असतं. त्या वर्षीही पहिलं पान तुझंच मांडलं. तू आला नाहीस. कुणी ते पान उचललं नाही, कुणी त्यावर बसलंही नाही. मीठ, भाजी, भात, सगळं रीतसर वाढलं. माझं पान त्याच्या शेजारी आलं होतं. मी मान खाली घालून जेवलो. दरवर्षी मीठ जास्त झालं म्हणून तू कुरकुर करायचास. त्या दिवशी ते खरंच जास्त झालं होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

बंदीच्या पहिल्या पावसाळ्यात सडा असा फुलला की लोक आचऱ्याहून, कुणकेश्वराहून बघायला आले. गुरांनी आदल्या वर्षापर्यंत गवत दाबून ठेवलेलं होतं, कांदे आणि बी तयार होतं, आणि त्या साली खाणारं कुणी नव्हतं. तो सगळा बहर तुझ्या गुरांनी मागे ठेवलेला होता. शाल आणि नारळ मला मिळाला. मी भाषण केलं.

दुसऱ्या वर्षी गवत गुडघ्याएवढं झालं. तिसऱ्या वर्षी छातीएवढं, आणि फुलं फक्त जिथे कातळ अगदी उघडा होता तिथे. चौथ्या वर्षी फाल्गुनात वणवा लागला. इतकी वाळलेली करड सड्यावर पिढ्यान् पिढ्या उभी राहिली नव्हती. आग कुंपण ओलांडून खालच्या काजूंत उतरली. बाबल्याची बाग गेली, अजून दोघांची अर्धी. लोक मला विचारायचे, मास्तर, यंदा फुलं का नाहीत? मी पावसाला दोष द्यायचो. पाऊस बिचारा उत्तर देत नाही.

मग गेल्या वर्षीचा भाद्रपद. तू माझ्या दारात आलास, सहा वर्षांत पहिल्यांदा. चहा नको म्हणालास. म्हणालास, चल. मी छत्री घेतली आणि तुझ्यामागून निघालो. चढण चढलो. कुंपणापाशी आलास आणि काठीने खाली दाखवलंस.

कुंपणाच्या बाहेरची पायवाट, जिथून तुझ्या तीन गाई रोज जात-येत होत्या, ती फुललेली होती. कवळा, गेंद, सीतेची आसवं, खुरांच्या ठशांतून तशीच, जशी मी पंचवीस वर्षांचा असताना पोटावर झोपून पाहिली होती. पण तू मला ते दाखवायला आणलं नव्हतंस. तुझी काठी तारेच्या आतल्या बाजूला गेली. तारेच्या आतही फुलं होती. दीड-दोन हात रुंदीचा एक पट्टा, कुंपणाला लागूनलागून, नजर पोचेल तिथवर. आणि त्या पट्ट्याच्या पुढे, सुरीने कापल्यासारखी सरळ, माणसाएवढ्या गवताची भिंत. भिंतीच्या आत एकही फूल नव्हतं.

मला कळेना. मग तुझी एक गाय आली, तारांच्या मधून तिने मान आत घातली, जीभ लांब केली आणि त्या भिंतीतलं एक उंच पातं ओढून घेतलं. मान जेवढी आत जात होती, तेवढीच.

“मोज,” तू म्हणालास. “गायची मान जेवडी आत जाता, तेवडी फुलां आसत. कुलपान राखलली खंय गेली, ती माका दाखव.”

मी खाली बसलो. ओल्या जमिनीत हात टेकवून हातांनीच मोजलं. मला लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं, फक्त थक्क होणं होतं. तीन गाईंनी, ज्यांना आत येण्याची बंदी होती, त्यांनी केवळ जिभेच्या टोकाने कातळावर एक ओळ लिहून ठेवली होती. माझ्या आठ वर्षांच्या वहीत जे होतं आणि मी ड्रॉवरमध्ये कोंडलं होतं, तेच. एवढं सरळ, एवढं नेटकं उत्तर मी कुठल्याही विद्यार्थ्याच्या पेपरात पाहिलं नाही. देवाने ते मला वाचायला दिलं आणि घेऊन आलास तू, म्हणजे ज्याच्यावर मी लाल शाई मारली होती तोच.

मी वर पाहिलं. तू हसत नव्हतास. मी वही आणि टिपणाची सगळी हकिगत तुला तिथेच, बसल्याबसल्या सांगितली. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, “माका शाल नको, नारळ नको. ठरावबुकात जा लिवलंस ता तुज्याच तोंडान सबेत फिरव. माज्या नातवांका आता वाचूक येता.”

मी हो म्हणालो. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बोलतो म्हणालो. त्या दिवशी मला ताप होता. नव्हता, बस्त्याव. अंग कोमट होतं, एवढंच. सव्वीस जानेवारीला मी मुलीकडे कणकवलीला गेलो होतो, सभेच्या आदल्या दिवशी मुद्दाम. मे महिन्यात तू अंथरुणाला खिळलास आणि मी तुला भेटायला आलो नाही, कारण काय सांगणार होतो? जुलैच्या शेवटी इगर्जीची घंटा वाजली.

मयतानंतर आठ दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो. मारयान ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने बसायला सांगितलं आणि तांदूळ निवडत राहिली. तुझा थोरला गोव्याहून आला होता, तो म्हणत होता की इगर्जीत तुझ्या नावाची महिन्याची मिस झाली की गाई काढून टाकायच्या. आई एकटी, पायवाटेवर किती दिवस चारणार? बरोबरच होतं त्याचं. त्या तीन गेल्या की वाडीत सडा पाहिलेलं जनावर उरणार नव्हतं.

तो आत गेल्यावर मारयान म्हणाली, “मास्तरानू, ते दोनय सबांका मागच्या बाकार बसान होते. घराक इले नि माका म्हणाले, मास्तरांक बरा नाय आसतला.”

दोन्ही वेळा तू माझ्यासाठी निमित्त शोधलंस. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा ऑगस्टच्या सभेत मी उभा राहिलो. विषयपत्रिकेत नव्हतं, म्हणून ग्रामसेवकांनी शेवटी बोला म्हणून सांगितलं. शेवटपर्यंत थांबलो. मग वही उघडली आणि दोन्ही चौकटींचे आठ वर्षांचे आकडे वाचले, वर्षवार. तारेजवळचा पट्टा सांगितला. त्या टिपणातलं वाक्य मी रागाने लिहिलं होतं, वहीत पुरावा असताना लपवला होता, आणि बस्त्यावचं नाव त्यात मी माझ्या हाताने घातलं होतं, हे सांगितलं. 

 मग बाबलो उठला, ज्याची काजूची बाग वणव्यात गेली तो. म्हणाला, “तेवा गुरां वायट, आता गुरां बरी. मास्तरानू, तुमी दोनय उत्तरांक मार्क देतास काय?”

सभा हसली. मी म्हणालो, पहिल्या उत्तराला शून्य. आणि तुझी बाग माझ्यामुळे जळाली, तेही लिहून घ्या.

बाबलो माझ्याकडे पाहत राहिला आणि खाली बसला. त्याने ते लिहून घ्यायला लावलं नाही. नंतर बाहेर तो मला टाळून गेला. तो हक्क त्याचा आहे.

जुना ठराव खोडता येत नाही, असं ग्रामसेवकांनी समजावलं. कायद्याने तसंच असतं. म्हणून नवा ठराव झाला. त्यात लिहिलंय की आधीच्या ठरावातील राखणदार बस्त्याव यांच्यावरचा दोष चुकीचा होता, त्यांच्या राखणीमुळेच सड्यावरील फुले टिकून होती, आणि सड्याचे फाटक गुरांसाठी उघडण्यात येत आहे. मी प्रत मागून घेतली आणि तुझ्या नातीकडे दिली. तिने ती आजीला वाचून दाखवली, ‘राखणदार’ वर जरा अडखळली. मारयानने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग आत जाऊन चहा ठेवला. थोरल्याने गाई काढायचं तूर्त थांबवलंय.

आता राखणार कोण, हा प्रश्न सभेत निघाला. वाडीत सगळी मिळून चौदा जनावरं. पगारी माणूस मिळणार नाही. शेवटी घरटी पाळी ठरली, एकेक दिवस. मागून कुणीतरी म्हणालं, पहिली पाळी मास्तरांची, किल्ली त्यांच्याकडेच आहे. पुन्हा हशा. मी म्हणालो, चालेल.

काल तुझी महिन्याची मिस झाली. या वेळी मी आत बसलो, मागच्या बाकावर.

आणि आज सकाळी फाटक उघडलं. कुलूप गंजलं होतं, दगडाने ठोकावं लागलं. चौदा जनावरं माझ्यामागे उभी होती, त्यांत अकरा जणींनी सडा कधी पाहिलेला नव्हता. आत माणूस बुडेल एवढं गवत. यंदा इथे फुलं येणार नाहीत, पुढच्या वर्षी थोडी येतील, त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित. कांदे खाली जिवंत असतील असं मी धरून चाललोय. तुझा त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मी आत दोन पावलं टाकली आणि थांबलो. आज कुठल्या तुकड्यात न्यायची, उद्या कुठल्या, कुठला तुकडा गणपतीआधी सोडायचा आणि कुठला दसऱ्यानंतर धरायचा, हे मला ठाऊक नव्हतं. शेकडो झाडांची नावं मी तुझ्याबरोबर चालताना वहीत लिहिली. तू कुठे वळतोस आणि का, हे एकदाही विचारलं नाही. तू सांगितलं असतंस. पाच-दहा दिवसांत सगळं सांगून टाकलं असतंस, वर मस्करीही केली असतीस. मला ते विचारण्यासारखं ज्ञान वाटलंच नव्हतं.

मी काठी हातात धरून नुसता उभा होतो, शाळेतल्यासारखा, वर्गाला तोंड करून. चौदा जणी माझ्याकडे बघत होत्या. मग तुझ्या तिघींतली म्हातारी तांबी पुढे आली, माझ्या अगदी समोर थांबली, आणि तिने नाकातून जोराने श्वास सोडला.

मी वाटेतून बाजूला झालो.